पत्र्याच्या शेडला फिकट राखाडी रंग: दोन उन्हाळे काढल्यानंतर

माझी सुतारकामाची शेड आहे, चारी बाजूंनी पन्हळी पत्रा आणि वरही पत्राच. बाबांनी ती उभी केली तेव्हा बाहेरून गडद हिरवा रंग दिला होता. कारण विचारलं की एकच उत्तर: मळत नाही. आणि खरंच मळायचा नाही. पण उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेच्या भिंतीला तळहात टेकवला तर तीन मोजेपर्यंत काढून घ्यावा लागायचा. आत फळीला लावलेला गोंद दुसरी फळी बसवायच्या आतच साय धरायचा.

दोन वर्षांपूर्वी मी भिंती फिकट राखाडी केल्या. आरएएल ७०३५, पाण्यातला ॲक्रिलिक, सॅटिन म्हणजे मंद चकाकीचा, प्रायमरवर दोन हात. आरएएल ही रंगांना क्रमांक देण्याची पद्धत जर्मनीत १९२७ साली ४० रंगांपासून सुरू झाली. तिचा मला झालेला फायदा असा की डबा कुणाचाही घेतला तरी मागायचा रंग एका आकड्यात सांगता येतो. उद्या एखादा पत्रा बदलावा लागला तर ‘तो राखाडी, जरा उजळसा’ असं समजावत बसायला नको.

रंगांच्या छटा दाखवणाऱ्या शेडकार्डावर हा रंग मला अजिबात आवडला नव्हता. बोटाएवढ्या चौकोनात तो ओल्या सिमेंटसारखा दिसतो. माझं मन पांढऱ्यावर होतं. तरी पांढरा, क्रीम आणि हा राखाडी असे तीन चट्टे प्रत्यक्ष पत्र्यावरच लावले, हातभर लांबरुंद, दक्षिणेला एकदा आणि पश्चिमेला एकदा, आणि आठवडाभर येता-जाता बघत राहिलो. पांढरा सकाळी दहालाच डोळ्यांत खुपायला लागला. शिवाय एका पावसात स्क्रूखालून गंजाचा तपकिरी ओघळ त्याच्यावर असा उठून दिसला की पुढची सगळी वर्षं डोळ्यांसमोर आली. क्रीम सकाळी छान, संध्याकाळी पिवळट आणि शिळा. राखाडी भर उन्हात जवळजवळ पांढराच वाटतो, सावलीच्या बाजूला त्याच्यात आभाळाची निळसर झाक उतरते, आणि धूळ बसली तरी ती त्याच्यात मिसळून जाते.

रंग जागेवर बघूनच ठरवावा, हे माझं ठाम मत आहे. गोल्डन गेट पूल बांधला जात होता तेव्हा अमेरिकेच्या नौदलाला तो काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा हवा होता. आर्किटेक्ट आयर्विंग मॉरो यांनी मात्र लोखंडावर आधीच लावलेला तांबडा प्रायमर तिथल्या पाण्या-डोंगरांसमोर पाहिला आणि त्याच छटेचा आग्रह धरला. १९३७ मध्ये पूल खुला झाला तो त्याच नारिंगी-तांबड्या रंगात.

आता उष्णतेचं. तोच पश्चिमेचा पत्रा, तीच दुपारची वेळ. आता हात ठेवला तर पत्रा गरम लागतो, पण हात राहतो. गोंद मला पुरेसा वेळ देतो. सकाळी ऊन चढताना पत्रा टणटण वाजायचा, बाबा म्हणायचे, शेड आळोखेपिळोखे देतेय. तो आवाज बराच कमी झालाय. पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे १० मीटरचा पत्रा ४० अंशांनी तापला तर जवळजवळ ५ मिलिमीटर लांबतो आणि रात्री परत आखडतो. गडद रंगात ही ओढाताण जास्त, आणि ती सोसतात स्क्रूची भोकं आणि वॉशर. मात्र रंग म्हणजे उष्णतारोधक थर नव्हे. दुपारी आत उकडतंच, फक्त भाजत नाही.

शेडकार्डाच्या मागे एलआरव्ही नावाचा, रंग किती उजेड परतवतो ते सांगणारा आकडा असतो, ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. तो जरूर बघा, पण तो फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापुरता असतो. उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. त्यामुळे सारखेच दिसणारे दोन गडद हिरवे वेगवेगळे तापू शकतात. ज्यांना गडदच हवा असेल त्यांनी अवरक्त किरण परतवणारी रंगद्रव्यं असलेला रंग मागावा.

माझी चूक दारापाशी झाली. भिंतींच्या खाली गुडघाभर उंचीचा गडद राखाडी पट्टा, ७०१६, काढला. तिथे पावसाचा चिखल उडतो, तो दिसत नाही, फार बरं झालं. तोच रंग जोडीला छान दिसेल म्हणून दारालाही दिला. दार पश्चिमेला. दुपारी चारला त्याची पत्र्याची कडी फडक्यानेच धरावी लागते. पुढच्या वेळी दारही ७०३५.

चकाकीबद्दल थोडक्यात: ग्लॉसमध्ये पत्र्याचा प्रत्येक पोचा दिसतो, मॅट धूळ धरून ठेवतो, सॅटिन माझ्या कामाला योग्य ठरला.

आणि रंगाखालची तयारी. मागे वाढवलेल्या भागाला जस्ताचा कोरा पत्रा होता. तेव्हाच्या रंगाऱ्याने त्यावर थेट ऑइलपेंट मारला. वर्षभरात तळहाताएवढे पोपडे सुटून लोंबायला लागले आणि आम्ही रंगाच्या छटेलाच दोष देत बसलो. ऑइलपेंटमधल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि रंगाची पकड सुटते, हे मला फार उशिरा कळलं. या वेळी ते सगळं खरवडलं आणि जस्ताला चालणारा प्रायमर लावला. जुन्या हिरव्यावर हात फिरवला तर तळव्याला हिरवी भुकटी लागत होती. ती ब्रशने घासून, धुऊन पूर्ण निघेपर्यंत रोलर हातात घेतला नाही. सकाळी पत्र्यावर दव असायचं, म्हणून कामही उशिराच सुरू करायचो. पत्रा दवबिंदूच्या, म्हणजे ज्याला दव धरायला लागतं त्या तापमानापेक्षा किमान ३ अंशांनी गरम असावा लागतो.

छप्पर मी पांढरंच केलं. ते खालून दिसत नाही, डोळ्यांवर येत नाही, आणि डोक्यावरचं ऊन सगळ्यात जास्त तेच झेलतं.

गेल्या महिन्यात ट्रकमधून फळ्या उतरवताना दक्षिणेच्या भिंतीवर वीतभर ओरखडा पडला, थेट धातूपर्यंत. घासून, प्रायमर लावून, राखून ठेवलेल्या अर्ध्या डब्यातला रंग लावला. जवळून तिरक्या उजेडात नवा भाग किंचित ताजा वाटतो. पाच पावलांवरून मात्र मलाच तो शोधावा लागतो.