व्हिसाची प्रिंट: लॅमिनेशन की झिपचं पाऊच?

कोल्हापुरातनं परदेशी जायचं तर आधी रात्रभर बसनं किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची. जुलैत निघालात तर कागद विमानतळाआधीच भिजायचा. झेरॉक्सवाला विचारतो, ‘लॅमिनेट करू?’ आणि तिथंच माणूस अडकतो.

पाण्यापुरतं लॅमिनेशन सरस, कडा नीट चिकटल्या असतील तर. पाऊचमध्ये पाणी शिरतं ते झिपच्या कोपऱ्यातून. प्रिंट मात्र लेसरचीच घ्या. इंकजेटची शाई ओलीनं पसरते.

वापरात लॅमिनेशन मार खातं. त्यावर शिक्का नीट बसत नाही, साध्या पेननं लिहिता येत नाही, घडी पडत नाही. चकाकीमुळं क्यूआर कोड स्कॅन व्हायलाही त्रास होतो. थर्मल कागदाची पावती तर मशीनच्या उष्णतेनं काळीच पडते.

पाऊचही डोळे झाकून घेऊ नका. मऊ पीव्हीसी उकाड्यात लेसरची अक्षरं ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीनचं, ए-४ पेक्षा थोडं मोठं घ्या.

खर्च दोन्हींचा किरकोळ.

मूळ पत्रं, शिक्क्याचे कागद, व्हिसा: पाऊच. मुलांकडं निघालेल्या आई-बाबांच्या खिशातली पत्ता-फोनची चिठ्ठी: खुशाल लॅमिनेट करा.