दांडिया बाजारातली वाटणीची बैठक: आधी कर्ज, मग घर

वडोदऱ्यात परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्या जोडप्यांची मालमत्ता आणि कर्ज यांची वाटणी ठरवून देणारी एक छोटी मध्यस्थी सेवा दांडिया बाजारात आहे. बोलणं मराठीत, फी बैठकीगणिक. इथे पहिल्या बैठकीत घर कुणाचं हे विचारत नाहीत. कुठल्या कर्जावर कुणाची सही आहे, ते विचारतात. एवढ्यासाठीसुद्धा ही सेवा घ्यावी.

घटस्फोट झाला की सगळं निम्मं-निम्मं, असा नियम आपल्या कायद्यात नाही. दस्तावेज कुणाच्या नावावर आहे तिथून सुरुवात होते, पुढचं आपसांत ठरवायचं. कर्जाचं मात्र आपसांत ठरवून भागत नाही. होमलोनवर दोघांच्या सह्या असतील आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यात ‘हप्ते नवरा भरेल’ असं लिहून आलं, तरी बँकेला ते बांधत नाही. त्याने हप्ते थकवले की नोटीस दोघांना येते, सिबिलही दोघांचं बिघडतं. म्हणून घर ज्याच्याकडे राहणार त्याला इथून आधी बँकेत पाठवतात. उरलेलं कर्ज त्याच्या एकट्याच्या पगारावर बसतं का, हे बँक नव्याने तपासते. बसलं तरच दुसऱ्याला सहकर्जदारीतून मोकळं केल्याचं पत्र देते. ते पत्र दुसऱ्या मोशनच्या, म्हणजे घटस्फोटासाठी दोघांनी कोर्टापुढे दुसऱ्यांदा जायच्या, तारखेआधी हातात हवं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोन मोशनमध्ये सहसा सहा महिने मिळतात. कोर्टाने ती मुदत माफ केली तर धावपळ होते.

स्त्रीधनाची यादी हे लोक फार नीट करतात. ‘पाटल्या २, ३८ ग्रॅम, २२ कॅरेट, बँकेच्या लॉकरमध्ये’ अशी एकेक ओळ, शेजारी फोटो. रुपये लिहीतच नाहीत, आणि तेच योग्य, कारण लग्नातल्या बिलाचा भाव आज कामाचा नाही. स्त्रीधन वाटणीत धरायचंच नसतं, ते तिचंच. पाटल्या नवऱ्याच्या गोल्ड लोनमध्ये गहाण असतील, तर त्या सोडवून देण्याचा खर्च त्याच्या रकान्यात टाकतात.

तक्रार एकच, पण मोठी. घराची किंमत ते जंत्रीवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरावर, धरतात. जंत्री स्टॅम्प ड्यूटीसाठी असते. १५ एप्रिल २०२३ पासून ती फ्लॅटसाठी १.८ पट झाली म्हणून ती बाजारभावाला पोचली असं धरू नका. समजा फ्लॅट जंत्रीने ४१ लाखांचा, बाजारात ६० लाखांचा, आणि कर्ज २२ लाख उरलंय. निम्मा वाटा ठरला असेल तर जंत्रीने घर सोडणाऱ्याला साडेनऊ लाख मिळतात, बाजारभावाने १९ लाख. मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा दाखला मागा, आणि त्याची फी दोघांनी निम्मी भरा.

आणखी एक गोष्ट इथे आपणहून सांगत नाहीत. ज्या घराची वाटणी करायची त्याचं पूर्ण वर्णन कोर्टातल्या अर्जातच असू द्या. अर्जाबाहेरची स्थावर मालमत्ता समझोत्यात घुसवली, तर हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते.

पहिल्या बैठकीला दस्तावेज, बँकेचं ताजं लोन स्टेटमेंट, दोघांचे सिबिल रिपोर्ट आणि लॉकरची कागदपत्रं न्या. हातउसन्या पैशांचा पुरावा नसेल तर ते कर्ज तक्त्यात घेत नाहीत, त्यामुळे बँकेतून गेलेल्या रकमेची नोंद आधीच काढून ठेवा.