जिताडा आमिष धरत नाही तेव्हा : जिवंत कोळंबी, रबरी मासा की मिनो?

मुंबईच्या खाड्यांवर गळ टाकणाऱ्या बहुतेकांना आठवड्यातून एखादीच सकाळ किंवा संध्याकाळ मोकळी मिळते, आणि नेमक्या त्याच वेळी जिताड्याने, म्हणजे खाडीतल्या या शिकारी माशाने, आमिषाकडे पाठ फिरवली, तर पिशवीत काय असावे हा प्रश्न हौसेइतकाच पैशाचाही होतो. नव्याने साहित्य घेणाऱ्यासमोर मुख्यतः तीन पर्याय असतात : जिवंत कोळंबी, शिशाच्या डोक्याच्या गरीवर चढवलेला रबरी मासा, आणि मिनो, म्हणजे कडक प्लास्टिकचा, तोंडापुढे छोटी पट्टी असलेला कृत्रिम मासा. जिताडा भुकेला असतो तेव्हा तो तिन्हींवर येतो, त्यामुळे चांगल्या दिवसाच्या अनुभवावरून केलेली निवड भरवशाची नसते. येथे केलेली तुलना मासा खात नसतानाच्या दिवसांसाठी आहे, आणि तीही वसई, मनोरी, उरण या बाजूच्या गढूळ, भरती-ओहोटीच्या पाण्यासाठी.

आमिष बदलण्याआधी मासा का खात नाही याचा अंदाज घेणे आवश्यक आहे. जिताडा हा दूरवर पाठलाग करून शिकार करणारा मासा नव्हे. तिवरांच्या मुळांशी, जेट्टीच्या खांबाआड किंवा बांधाच्या उघाडीच्या (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) तोंडाशी तो प्रवाहाच्या आडोशाला उभा राहतो आणि समोरून वाहत आलेली कोळंबी किंवा बोय हा लहान मासा, तोंड एकदम उघडून, पाण्यासकट आत ओढून घेतो. प्रवाह थांबला की वाहून येणारे खाद्यही थांबते, आणि तोही स्वस्थ बसतो. दुसरे कारण पाण्याच्या तापमानाचे आहे : हा उष्ण पाण्यातला मासा असून साधारण २६ ते ३० अंश सेल्सियस तापमान त्याला मानवते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे उथळ पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते. तिसरे कारण पावसाळ्यातले. गोड्या पाण्याचा मोठा लोंढा आला की जिताड्याला त्याचा त्रास होत नाही, कारण तो गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत राहू शकतो. परंतु त्याचे खाद्य खाली खाडीच्या मुखाकडे ढकलले जाते आणि त्यामागे तोही जातो. या तिसऱ्या स्थितीत कोणतेही आमिष उपयोगाचे नाही, तेथे जागाच बदलावी लागते. खरी तुलना पहिल्या दोन स्थितींतच करता येते.

प्रवाह केव्हा आणि किती असेल हे कळण्यासाठी तिथीकडे पाहावे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब मुंबईला अजूनही बऱ्यापैकी लागू पडतो; अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तर अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारी बाराच्या आसपास येते. भरती-ओहोटीच्या तक्त्यात अर्धा-पाऊण तासाचा फरक दिसेल, म्हणून निघण्यापूर्वी तक्ता पाहावाच, पण महिन्याचे नियोजन या हिशेबावर सहज होते. याचा अर्थ असा, की अष्टमीच्या आसपासच्या भांगेच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत ओहोटी पहाटेच सुरू होते, पाण्याची ओढ कमी असते आणि गाळ कमी ढवळल्यामुळे पाणी त्यातल्या त्यात निवळ असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवसांत ओहोटी दुपारी लागते, ओढ जबर असते आणि पाणी चहासारखे गढूळ होते. थंडीत मात्र हीच दुपारची ओहोटी मोलाची ठरते, कारण सकाळभर उघड्या पडलेल्या आणि उन्हाने तापलेल्या चिखलावर चढलेले पाणी थोडे कोमट होऊन ओहोळांतून खाडीत उतरते, आणि गारठ्याने मंदावलेला जिताडा त्या ओहोळाच्या तोंडाशी येऊन उभा राहण्याची शक्यता असते. कोणते आमिष घ्यावे याचे निम्मे उत्तर उधाण आहे की भांग, यातच असते असे माझे ठाम मत आहे.

जिवंत कोळंबी हा तिन्हींतला सर्वांत खात्रीचा पर्याय आहे, विशेषतः गढूळ पाण्यात. तेथे जिताड्याला आमिष दिसण्यापेक्षा त्याची हालचाल आणि वास जाणवणे महत्त्वाचे असते, आणि जिवंत कोळंबीचे शेपटी मारून मागे उसळणे कोणत्याही कारखान्याला हुबेहूब साधलेले नाही. मंदावलेला मासा चार हात पुढे येत नाही. कोळंबी मात्र त्याच्या तोंडासमोर कितीही वेळ ठेवता येते, आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण. गरी लावण्याची पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखे टोक असते आणि त्याच्या मागे कवचातून एक काळसर ठिपका दिसतो. तो ठिपका टाळून, टोकाच्या बुडाशी, कवचाच्या अगदी वरच्या थरातून गरी आडवी काढली तर कोळंबी बराच वेळ जिवंत राहते. ठिपका दुखावला तर ती जागच्या जागी मरते. मेलेली कोळंबी जिताड्याला विशेष आवडत नाही, शिंगाळ्याला आणि चिवणीला मात्र फार आवडते, आणि या माशांचे काटे विषारी असल्यामुळे अंधारात ते गरीवरून सोडवणे हे काम नवख्याचे नव्हे.

कोळंबीची अडचण पाण्यात नाही, काठावर आहे. ती आधी मिळवावी लागते, म्हणजे एकतर पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकता यायला हवा किंवा एखाद्या कोळीदादांशी ओळख हवी, आणि मिळाल्यावर ती जिवंत ठेवावी लागते. त्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप, झाकणाची बादली आणि त्याच खाडीचे, अधूनमधून बदललेले पाणी हवे. विरारच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी अशी बादली घेऊन चढणे अशक्यच आहे, त्यामुळे ज्याच्याकडे गाडी नाही किंवा जो खाडीजवळ राहत नाही त्याने हा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. शिवाय जिताडा कोळंबी खोल गिळतो. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते, म्हणजे मोठा जिताडा बहुतेक वेळा अंडी देणारी मादीच असते. असा मासा सोडून देण्याची इच्छा असेल तर टोक आत वळलेली गोल गरीच वापरावी. ती सहसा घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात बसते. या गरीवर झटका द्यायचा नसतो, दोर ताणला की ती आपोआप लागते.

रबरी मासा वाहून नेण्यास सर्वांत सोयीचा, बदलण्यास स्वस्त आणि शिकण्यास मात्र सर्वांत चिकाटीचा. तीन-चार इंचाचा, शेपटीला चपटे वल्हे असलेला रबरी मासा हळू ओढला तरी त्याची शेपटी थरथरत राहते, आणि गढूळ पाण्यात तीच थरथर माशापर्यंत पोहोचते. भांगेच्या पाण्याला सात ग्रॅमच्या आसपासचे डोके पुरते, उधाणाला चौदा किंवा त्याहून जड लागते. डोके फार हलके असेल तर रबर वरच तरंगत जाते आणि तळाशी बसलेल्या माशाला त्याचा पत्ताही लागत नाही. मासा खात नसताना रबर सरळ गुंडाळत आणू नये. प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकून ते तळाला टेकू द्यावे, छडीच्या टोकाने वीतभर उचलावे आणि पुन्हा पडू द्यावे, म्हणजे ते आपसूक वाहत माशाच्या आडोशापर्यंत जाते. अशा दिवशी जिताडा घेतो तो जवळजवळ नेहमी रबर खाली पडत असताना, आणि त्या वेळी हाताला हिसका जाणवेलच असे नाही. पडता पडता दोर मध्येच ढिला झाला, किंवा टेकायच्या आधीच थांबला, तर मासा आहे असे समजून छडी उचलावी. ही नजर यायला वेळ लागतो, पण एकदा आली की रिकाम्या वाटणाऱ्या पाण्यातही मासे आहेत हे कळू लागते.

रबर घेताना एक गोष्ट पारखून घ्यावी. दुकानांत मिळणारे पुष्कळ रबरी प्रकार मुळात उत्तर अमेरिकेतल्या लार्जमाउथ बाससाठी घडवले गेले आहेत. तो गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला मासा असून जिताड्याशी त्याचे जवळचे नाते नाही, मात्र आडोशाला दबा धरण्याची आणि तोंड उघडून भक्ष्य आत ओढण्याची रीत दोघांचीही सारखीच. थंड हवेची लाट आली की बासही तोंड मिटतो आणि तेथील गळकरी तेव्हा आमिष लहान करतात व हालचाल मंद करतात. ही शिकवण आपल्या खाडीत जशीच्या तशी उपयोगी पडते. त्याच दिवसांसाठी ते वापरतात ती सरळ, शेपटी न हलणारी रबरी गांडुळे मात्र निवळ तळ्यात, माशाच्या नजरेवर चालतात. आपल्या गढूळ पाण्यात ती घेऊ नयेत, पाकिटावर कितीही मोठा मासा छापलेला असला तरी.

मिनोबद्दल थोडक्यात सांगता येईल. पाण्यात मध्येच स्थिर राहणारा मिनो दोन हिसक्यांनंतर चार-पाच सेकंद थांबवला की निवळ पाण्यातला जिताडा कधी कधी भूक नसतानाही केवळ चिडून त्याच्यावर येतो, आणि तो प्रहार पाहण्यासारखा असतो. परंतु त्यासाठी पाणी निवळ हवे, उजेड कमी हवा आणि मासा वरच्या थरात हवा. तिन्ही गोष्टी एकत्र येण्याची संधी भांगेच्या पहाटेखेरीज फारशी मिळत नाही. मिनोला प्रत्येकी तीन टोकांच्या दोन गऱ्या असतात, त्या तिवरांच्या मुळांत आणि कालवांच्या खडकांत चटकन अडकतात, आणि एक मिनो तुटला की रबराच्या एक-दोन पाकिटांचे पैसे पाण्यात जातात. सोडायच्या माशाचे तोंडही या गऱ्यांनी जास्त फाटते.

निवड सांगायची तर, लोकलने जाणाऱ्या आणि वर्षभर एकाच साहित्यावर भागवू पाहणाऱ्या माणसाने रबरी मासा घ्यावा, हे मी निःशंकपणे सांगेन. खाडीकाठी राहणाऱ्याने, किंवा ज्याला काठावरच जिवंत कोळंबी मिळते त्याने, उधाणाच्या दिवसांत आणि थंडीत कोळंबीलाच प्राधान्य द्यावे. तेथे रबर तिची बरोबरी करू शकत नाही. मिनो पहिल्या वर्षी घेऊच नये. जागा ठरवताना ठाणे खाडीच्या पश्चिम काठावरील, २०१५ साली घोषित झालेले फ्लेमिंगो अभयारण्य वगळावे.

आमिष कोणतेही असो, दोराच्या टोकाला हातभर लांबीचा, जाड, ३० ते ४० पौंडांचा ताण सोसणारा दोर जोडण्यात काटकसर करू नये. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, बारीक दोर तिच्यावर घासला की तुटतो, आणि तोंडात गरी घेऊन मासा निघून जातो. प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक अडकण्यानंतर हा तुकडा बोटांनी चाचपून पाहावा, खरखरीत लागला तर तेवढा कापून पुन्हा गाठ मारावी, आणि तीही ओली करून मगच आवळावी.