एलिस रेजिना: आधी कोणता अल्बम ऐकावा?

ब्राझीलची गायिका एलिस रेजिना ऐकायची ठरवली की दोन नावं हमखास पुढे येतात: संगीतकार टॉम जोबिमबरोबरचा १९७४चा 'एलिस ई टॉम' आणि १९७६चा 'फाल्सो ब्रिल्यान्ते'. पुढेमागे दोन्ही ऐकालच. प्रश्न पहिला कोणता, एवढाच.

'एलिस ई टॉम'ला नावं ठेवायला जागा नाही. ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसचं, गाणी जोबिमची, संयोजनात एलिसचा नवरा सेझार कामार्गो मारियानो. त्याची इलेक्ट्रिक वाद्यं टॉमना खटकत होती, पण ऐकताना त्या कुरबुरीचा मागमूसही लागत नाही. 'आगुआस दे मार्सो'मध्ये काठी, दगड, रस्त्याचा शेवट अशी नुसती यादी आहे. दोघं ती झेलत झेलत म्हणतात आणि शेवटाकडे एलिसला हसू आवरत नाही. ते हसू तसंच ठेवलंय. हिचं टोपणनाव 'पिमेंतिन्या', म्हणजे छोटीशी मिरची. १९६५च्या टीव्ही महोत्सवात पंख्यासारखे हात फिरवत गाऊन जिंकलेली हीच बाई इथे आवाज किती आवरून धरते!

माझी तक्रार तशी फालतू आहे. हा अल्बम घरी लावला की लोक तो चालू असतानाच गप्पा मारतात. "छान आहे हो, काय लावलंय?" असं विचारतात आणि मी उत्तर देईपर्यंत विषय सोसायटीच्या मेंटेनन्सवर गेलेला असतो. लोकांचं जाऊ द्या, माझंही तेच व्हायचं. भांडी घासून हात पुसताना लक्षात यायचं, अल्बम केव्हाच संपलाय. 'मोदिन्या'त ती जीव पिळवटून गाते, तेसुद्धा नळाच्या आवाजात वाहून गेलेलं. हेडफोन लावून एकट्यानं ऐकणाऱ्यांना हा त्रास कदाचित होणार नाही.

'फाल्सो ब्रिल्यान्ते' मुळात रंगमंचावरचा कार्यक्रम. साओ पाउलोत डिसेंबर १९७५पासून तो वर्षाहून जास्त चालला. अल्बमची सुरुवात बेल्शियोर या तेव्हाच्या नव्या गीतकाराच्या 'कोमू नोसूस पाइस'नं होते. (नवे गीतकार उचलून धरणं ही तिची जुनी खोड, मिल्टन नासिमेंतो, जुआंव बोस्को ही त्यातलीच नावं.) देशात लष्करी राजवट, आणि गाणं म्हणतं: एवढं सगळं करूनही आपण आईबापांसारखेच जगतोय. सुरुवातीला ती जवळजवळ बोलतेच. शेवटी सूर गोड राहतोय की फाटतोय, याची तिला फिकीर उरत नाही.

दोष आहेत. गिटार आता जुनी वाटते, पुढची काही गाणी जरा नाटकी आहेत, आणि रात्री ऐकताना आवाजाच्या बटणावरचा हात काढता येत नाही.

पण एकदा हे लावलं असताना आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ही कोणाशी भांडतेय रे?" पोर्तुगीजचा एक शब्द तिला कळत नाही. गाणं संपेपर्यंत लाटणं हातात धरून दारातच उभी होती.