कुर्ता तयार घ्यावा की शिवून? माझा निकाल मुंढ्यावर लागला

माझ्या मावसबहिणीला नुकतीच बँकेत नोकरी लागली. पहिला पगार झाला आणि तिचा फोन आला, "ताई, रोजच्या वापराचे आठ-दहा कुर्ते लागतील. तयार घेऊ की शिवून घेऊ?" ती अंगाने माझ्यासारखीच. दुकानात शिरल्यावर आम्हाला आधी साइझ आहे का ते विचारावं लागतं, रंगाचं नंतर. फोनवर मी तिला जे सांगितलं ते घाईघाईत झालं. तेच आता सावकाश लिहिते आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

मी शाळेत शिकवते. छाती ४६, सीट (म्हणजे नितंबांचा घेर) ५०, दंड १७ इंच. एकोणीस वर्षांच्या नोकरीत सुरुवातीची दहा-अकरा वर्षं मी तयार कपडेच घातले, मग हळूहळू शिवून घ्यायला लागले. त्यामुळे दोन्हीकडचे पैसे, वेळ आणि मनस्ताप माझा खर्च करून झालेला आहे.

तयार कपड्यांची बाजू आधी मांडते, कारण ती भक्कम आहे. मी नोकरीला लागले तेव्हा डबल एक्सएलच्या पुढे जे मिळायचं ते बहुतेक तपकिरी नाहीतर काळं, आणि आकार म्हणाल तर उशीच्या अभ्र्यासारखा सरळ. आता तसं राहिलेलं नाही. फोर एक्सएल, फाइव्ह एक्सएलमध्ये चांगले रंग येतात, ए-लाइन येतात, खिसे असलेले येतात. आरशात जे दिसतं तेच घरी येतं, हा तर फार मोठा दिलासा. उद्या कुणाकडे साखरपुडा असेल तर आज संध्याकाळी जाऊन घेता येतो. यंत्रावरचं भरतकाम, हॅन्डब्लॉकची छपाई, गळ्याजवळची बारीक पिनटक्स, हे सगळं गल्लीतल्या टेलरकडून करून घ्यायचं म्हटलं तर शिलाई कापडापेक्षा महाग पडते. आणि जीन्स, लेगिंग्ज, टी-शर्ट असं ताणलं जाणारं काहीही असो, ते तयारच घ्यावं. टेलरच्या साध्या मशीनवर स्ट्रेच कापडाची शिवण लाटा मारते. मी एकदा हौसेने स्ट्रेचची पँट शिवून घेतली, ती दोनदाही घातली नाही.

मग अडलं कुठे?

एक गर्द निळा सुती कुर्ता होता, माझा फार आवडता. रंग सुंदर, गळा बेताचा, छातीत अगदी बरोबर. पण फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात वर केला की अख्खा कुर्ता हाताबरोबर वर जायचा. बाजूचा कट पार कमरेशी यायचा. मग उजव्या हाताने लिहायचं आणि डाव्या हाताने कुर्ता खाली धरून ठेवायचा, असं मी वर्षानुवर्षं केलं. पाठीमागे पंचेचाळीस मुलं बसलेली असतात. शिकवण्याकडे जायला हवं ते अर्धं लक्ष कपड्यात. संध्याकाळी घरी येऊन कुर्ता काढला की दोन्ही दंडांवर, काखेपासून चार बोटं खाली, बाहीची लाल रेघ उमटलेली असायची. आणि मी समजायचे की माझे दंडच जाड, कपड्याचा काय दोष.

हा समज एका टेलरताईंनी खोडून काढला. एका ब्लाउजचं अल्टर करायला गेले होते, अंगात तो निळा कुर्ता होता. त्या म्हणाल्या, "ताई, जरा हात वर करा." मी केला. त्या म्हणाल्या, "दंडाचं नंतर बघू. मुंढा बघा किती खाली गेलाय."

मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. तयार कपड्यात एका मापाचा नमुना आखतात आणि पुढची मापं त्यावरून पायरीपायरीने वाढवत नेतात. छाती वाढली की खांदा वाढतो, गळा रुंद होतो, मुंढा खोल होतो. पण माणसाची हाडं काही अशी वाढत नाहीत. माझी छाती ३८ होती तेव्हा खांदा पंधरा इंच होता, आज छाती ४६ आहे तरी खांदा पंधराच आहे. छातीच्या मापाने घेतलेल्या कुर्त्याचा खांदा मात्र सतराच्या आसपास भरतो. म्हणजे शिवण खांद्याच्या हाडावर न बसता दंडावर उतरते, आणि दंडावर बाही सगळ्यात फुगीर हवी तिथेच ती निमुळती व्हायला सुरुवात झालेली असते. वरून मुंढा खोल. मुंढा खोल असला की हात मोकळा राहील असं कुणालाही वाटेल, मलाही वाटायचं. होतं नेमकं उलट. बाही अंगाला जितकी खाली जोडलेली, तितकं हात उचलताना बाजूचं कापड ओढलं जातं. मुंढा काखेच्या जवळ असेल आणि बाही दंडाला ऐसपैस असेल, तर हात वर जातो आणि कुर्ता जागचा हलत नाही. जुन्या पद्धतीच्या कळीदार कुर्त्याला काखेत चौकोनी तुकडा लावतात तो याचसाठी.

आपल्याकडच्या मापांचा मूळ घोळही इथे आहे. लेबलवरचे आकडे बरेचसे इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरून आलेले. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने 'इंडियासाइझ' नावाने सहा शहरांत २५,००० लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, त्यामागचं कारण हेच की भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता नव्हता. त्यातून कधी काळी माझ्या खांद्याचा आणि माझ्या दंडाचा कुर्ता हँगरवर लटकलेला दिसला तर मी आनंदाने घेईन. आज तो मला मिळत नाही, एवढंच मी माझ्यापुरतं सांगू शकते. तुमचे दंड बारीक असतील आणि वजन मुख्यतः कमरेखाली असेल, तर कदाचित तुम्हाला हा त्रास जाणवणारही नाही.

तयार घेऊन अल्टर करायचं, हा मधला मार्ग मी बरीच वर्षं चालवला. लांबी कमी होते, कमर आत घेता येते, खांदाही थोडा आत येतो. पण मुंढा वर नेता येत नाही, कारण कापून टाकलेलं कापड परत आणणार कुठून? खांद्याच्या शिवणीतून अर्धा इंच उचलता येतं, तर गळा लगेच नरड्याशी येतो. बाही सैल करावी म्हणून आत पाहिलं तर माया, म्हणजे शिवणीत राखून ठेवलेलं जादा कापड, नाही. तयार कपड्यात शिवणीच्या बाहेर पाव इंच कापड ठेवून इंटरलॉक मारलेलं असतं. टेलर बाजूला इंच-दीड इंच माया सोडतात. आपल्यासारख्यांचं वजन वर्षभरात थोडं इकडेतिकडे होतंच, अशा वेळी ही माया म्हणजे कुर्त्याचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढणं.

आता शिवून घेण्याची बाजू. त्या टेलरताईंनी पहिल्यांदा माझं माप घेतलं ते मला अजून आठवतं. आतापर्यंतच्या सगळ्यांनी दंड लोंबता ठेवून मोजला होता. त्यांनी कोपरात हात दुमडायला लावला, मूठ आवळायला सांगितली, मग टेप गुंडाळली आणि टेपच्या आत स्वतःची दोन बोटं सरकवली. वहीत १७ च्या पुढे अधिक अडीच असं लिहिलं. मुंढा साडेनऊवर आखला. तो कुर्ता घालून मी फळ्यावर तारीख लिहिली आणि खडू खाली ठेवल्यावर लक्षात आलं की डावा हात नुसता बाजूला आहे, त्याला काही कामच नाही.

आणि दिसण्याचं म्हणाल, तर व्यवस्थित दिसणं आणि न दिसणं यातला निम्मा फरक त्या खांद्याच्या शिवणीत आहे. शिवण हाडावर बसली की माणूस ताठ दिसतो. तीच दोन इंच खाली घसरली की कितीही भारी कापड असू दे, उसनं आणल्यासारखं वाटतं. जाड बाईने काळं घालावं, उभ्या रेघा घालाव्यात, मोठी फुलं टाळावीत, असे सल्ले आपण सगळ्यांनी ऐकलेत. मी हळदी रंगाचं घालते, मोठ्या बुट्ट्यांचं घालते. खांदा आणि दंड बरोबर असतील तर बाकीचं आपल्या आवडीवर सोडायला हरकत नाही असं माझं मत झालंय. साडीचंही तेच आहे. साडी कुठल्याही अंगाला नेसता येते, सगळं अडतं ब्लाउजवर, आणि ब्लाउज तर आपण सगळ्याजणी शिवूनच घेतो. मग कुर्त्यालाच वेगळा न्याय का?

कापडाचा हिशेब मात्र आपला आपण करायला शिकावं, दुकानदारावर सोडू नये. "टॉपला अडीच मीटर पुरे" हे वाक्य लक्ष्मी रोडवर काय आणि मुंबईच्या मंगळदास मार्केटात काय, मी सगळीकडे ऐकलंय. ४४ च्या पन्ह्यात, म्हणजे कापडाची रुंदी ४४ इंच असेल तर, सीट ५० असलेल्या बाईचा पुढचा आणि मागचा भाग शेजारीशेजारी बसत नाही, एकाखाली एक कापावा लागतो. ४४ इंच उंचीच्या कुर्त्याला दुमड धरून तिथेच जवळजवळ २ मीटर ३५ सेंटिमीटर गेलं. बाजूला पंधरा-सोळा इंचाची पट्टी उरते आणि आपली बाही तर एकवीस इंच रुंद. म्हणून अडीच मीटरमध्ये बाही एक तर आखूड येते नाहीतर दंडालाच घट्ट, आणि आपण टेलरला बोल लावतो. सव्वातीन मीटर घ्या. सुती असेल तर शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, आटायचं ते आधीच आटू दे. ड्रेस मटेरियलच्या बांधलेल्या सेटमध्ये टॉपचं कापड किती आहे ते उलगडून मोजा. साडीबरोबरचा ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउजपीसही मला पुरत नाही, मी मॅचिंगच्या दुकानातून वेगळं मीटरभर घेते.

खणाचा पन्हा तर अरुंदच असतो. मला गुळेदगुड्डचा खण फार आवडतो, पण त्याचा कुर्ता आपल्या मापात होणार नाही असं मी धरून चालले होते. टेलरताईंनी मधे खण आणि दोन्ही बाजूंना त्याच रंगाच्या साध्या सुतीच्या कळ्या घातल्या. बाह्याही साध्याच, फक्त टोकाला खणाचे काठ. आजवर ज्या कुर्त्याबद्दल मला सगळ्यात जास्त जणींनी विचारलं तो हाच, आणि तो कुठल्याही दुकानात तयार मिळाला नसता.

शिवून घेण्याचे त्रासही सांगते, लपवत नाही. तारीख पाळली जात नाही. नवरात्र लागलं की दिवाळीच्या ऑर्डरी बंद होतात, लग्नसराईत तर विचारूच नका, म्हणून मी दिवाळीचं कापड गणपतीच्या आधी देते. पहिला कुर्ता सहसा मनासारखा होत नाही. आणि सगळे टेलर आपल्या बाजूचे नसतात. एकांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "तुम्हाला ढगळच बरं दिसेल." माप घेतल्यासारखं केलं आणि सगळीकडे तीन-तीन इंच वाढवून ठेवले. ज्यांना तुमच्या अंगाकडे बघायचाच संकोच वाटतो त्यांच्या हातून चांगला कपडा होत नाही, असा माझा अनुभव आहे. अशा ठिकाणी दुसऱ्यांदा जाऊ नये.

खर्च साधारण सारखाच येतो. माझ्याकडे कापडाचे सात-आठशे, शिलाईचे साडेचारशे, अस्तर असेल तर वर दोनशे-अडीचशे. त्या पैशात तयार कुर्ता सहज मिळतो, सेलमध्ये दोनही मिळतील. फक्त माझे तयार कुर्ते वर्षभरात काखेत उसवायचे, शिवलेले तीन-चार वर्षं चालतात.

तेव्हा ज्यांना खरेदीला वेळ नाही, ज्यांच्या जवळपास धड टेलर नाही, किंवा ज्यांचं वजन सध्या भराभर बदलतंय, बाळंतपणानंतर म्हणा किंवा औषधांमुळे, त्यांनी तयारच घ्यावं. घेताना ट्रायल रूममध्ये आरशापुढे नुसतं उभं राहू नये. दोन्ही हात वर करावेत, मग पुढे करून टाळी वाजवावी. कुर्ता चार बोटांपेक्षा जास्त वर गेला तर तो परत हँगरवर. बाकीच्यांनी शिवून बघावं असं मला मनापासून वाटतं, निदान रोजच्या कामाचे कपडे तरी.

बहिणीला मी एवढंच सांगितलं की आठ एकदम टाकू नकोस, एकच टाक. ज्या ब्रावर तो कुर्ता घालणार तीच घालून माप द्यायला जा, नाहीतर छातीचे टक्स चुकीच्या जागी येतात. बाही पक्की करण्याआधी नुसती टाचून ट्रायल माग. परवाच्या रविवारी ती माझ्याबरोबर आली होती. सव्वातीन मीटर शेवाळी रंगाचं मंगळगिरी सुती, भिजवून, इस्त्री करून आणलेलं. टेलरताईंनी कापड बाजूला ठेवलं, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाल्या, "हात दुमडा बरं, आणि मूठ आवळा."