पोळीभाजी केंद्र: पोळीला दहापैकी नऊ, भाजीला जेमतेम पाच
पुण्यात रामवाडीहून मेट्रोने आनंदनगरला उतरेपर्यंत साडेआठ होतात, त्यानंतर कणीक भिजवायची म्हणजे अगदी जिवावर येतं, म्हणून गेले दोन महिने घराजवळच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणतीये. नाव नाही लिहीत, उगाच काकूंना वाईट वाटायचं.

पोळी मात्र एक नंबर. खरी घडीची, पदर सुटतात, कडा कच्च्या नसतात आणि उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कांदा-मिरची घालून कुस्करा केला तरी चिवट लागत नाही, माझी परीक्षा तीच असते.

भाजीचं काय सांगू, मटकीच्या उसळीत मटकी शोधावी लागते. परवा मेथीत चक्क माती कचकचली, सांगितलं तर म्हणे पावसाळ्यात होतं असं. अहो मग तीन पाण्यांनी धुवा ना! तेव्हापासून भाजी घरीच, दाण्याचं कूट आणि गुळाचा खडा घालून.

मध्ये फ्रोजन पराठेपण ट्राय केले, पण रबर बरा. त्यावर आधी 18 टक्के जीएसटी आणि पोळीवर 5, म्हणजे पोळी वेगळी नि पराठा वेगळा हे सरकारने ठरवायचं! 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हीवर शून्य केला ते बरं झालं, पण एवढी वर्षं कशाला लागली देव जाणे.

आणि हो, नऊनंतर गेलात तर पोळ्या संपलेल्या असतात, आधी फोन करून ठेवा. दुपारी एक ते चार फोन करू नका, का ते सांगायला नको.