पोस्टडॉक की ईडीआय ऑफिस? ब्रिटनमध्ये ठरवणाऱ्यांसाठी

दुसऱ्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन-नोकरीचं, शेवटचं वर्ष, ग्रँट संपत आलेली, आणि त्याच विद्यापीठात ईडीआय ऑफिसरची, म्हणजे समता-समावेशनाच्या कामाची जागा निघालेली. अर्ज टाकावा का?

पगारात फार फरक पडेल असं समजू नका. फरक करारात आहे. पोस्टडॉक ग्रँटच्या शेपटाला बांधलेली. ईडीआयची जागा कायम असू शकते, पण अथेना स्वान या समतेच्या पुरस्कारासाठी विभागाचा अर्ज होईपर्यंतच्याही जागा निघतात, तेव्हा जाहिरात नीट वाचा. व्हिसा त्याहून आधी बघा. स्किल्ड वर्कर व्हिसावर पोस्टडॉकला पगाराच्या अटीत सवलत मिळते, ती ऑफिसच्या पदाला मिळेलच असं नाही. ग्लोबल टॅलेंट व्हिसावर नोकरी बदलायची मोकळीक आहे, पण मुदतवाढीला शिफारस झालेल्या क्षेत्रातली कमाई दाखवावी लागते.

आता काम. अथेना स्वान सनद २००५ मध्ये विज्ञानातल्या स्त्रियांसाठी सुरू झाली. २०१५ पासून ती इतर विषयांना आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनाही खुली झाली. २०११ मध्ये इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी आरोग्य-संशोधनाचा मोठा निधी या सनदेच्या सिल्व्हर पुरस्काराशी जोडला आणि विभागप्रमुखांना समतेचं भरतं आलं. २०२० मध्ये अट गेली. भरत्याचं काय झालं ते विचारू नका.

रोजचं काम आकड्यांचंच, म्हणून संशोधकाला आपलं वाटतं. पण समजा, यंदा बढतीसाठी तीन स्त्रियांनी अर्ज केला, दोघींना मिळाली. पुढच्या वर्षी दोन अर्ज, बढती एकीलाही नाही. ६७ टक्क्यांवरून थेट शून्य! लॅबमध्ये आपण सॅम्पल वाढवलं असतं. इथे सॅम्पल वाढत नाही, कंट्रोल ग्रुप नाही, आणि अथेना स्वानचा अर्ज पुढच्या महिन्यात जायचाय. मग विभागात जाऊन विचारायचं, की अर्ज कर म्हणून कुणी कुणाला सुचवलं होतं? टक्केवारीपेक्षा तिथे जास्त कळतं.

पेपरवर आपलं नाव असतं. इथला अहवाल विभागाच्या नावाने जातो. हुकूम देण्याचा अधिकार नाही, पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुख संशोधकाला, पटवत बसावं लागतं.

एक गोष्ट आपल्या लोकांना खटकेल. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यातल्या नऊ संरक्षित वैशिष्ट्यांत, म्हणजे ज्यांवरून भेदभाव करायला बंदी आहे त्यांत, 'जात' नाही. २०१३ मध्ये संसदेने ती वंशाच्या कलमात आणायची जबाबदारी सरकारवर टाकली, २०१८ मध्ये सरकारने ते करणार नसल्याचं सांगितलं. मधल्या काळात, २०१४ च्या एका निकालाने 'वांशिक मूळ' या वाटेने जात येऊ शकते असं म्हटलं. भारतीय विद्यार्थ्यांमध्ये आडनावावरून झालेली कुचेष्टा तक्रार म्हणून आली, तर ती काय आहे हे एचआरला समजावणारं ऑफिसात तुमच्याशिवाय कदाचित कुणीच नसेल.

परतीची वाट अवघड. दोन-तीन वर्षं पेपर नाही, की फेलोशिपची दारं एकेक मिटतात; उलट पोस्टडॉकवरून ईडीआयला वर्षभराने गेलात तरी फारसं बिघडत नाही. भारतात परतायचं असेल तर डीएसटीचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा, 'गती' उपक्रम २०२० मध्ये अथेना स्वानच्याच धर्तीवर सुरू झालाय, पण आपल्याकडे हे काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात जादा म्हणून पडतं.

माझं मत विचाराल तर नुसता करार संपतोय म्हणून जाऊ नका. ब्रिटनमधल्या संशोधकांसाठी संस्थांनी मान्य केलेल्या 'कॉन्कॉर्डॅट' या २०१९ च्या सुधारित करारनाम्यात वर्षाला किमान दहा दिवस स्वतःच्या प्रगतीसाठी धरलेत. ते विभागाच्या अथेना स्वान समितीत घाला आणि आकडेवारीचं काम मागून घ्या. त्यात जीव रमला, तर अर्ज टाका.